निरोपाचा पेला

भेटीसाठी माणसे जागा ठरवतात. अमक्या देवळापाशी, तमक्या घड्याळाखाली, असे आधी बोलून ठेवतात. निरोपाला मात्र कुणी जागा ठरवीत नाही. तो दारात होतो, जिन्यात होतो, नाही तर रिक्षाचे भाडे ठरवता ठरवता होऊन जातो. खरे पाहता भेटीपेक्षा निरोपालाच चांगली जागा लागते.

माझ्या मते निरोपासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे आगगाडीचा फलाट. जाणारा आत बसलेला असतो, पोचवायला आलेला बाहेर उभा असतो, आणि मध्ये खिडकीचे गज असतात. गाडी सुटायला दहा मिनिटे असतात. त्या दहा मिनिटांत बोलण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून माणसे तेच ते पुन्हा बोलतात. "डबा वरच ठेवलाय." "पोचल्याबरोबर कळव." "पाणी घेतलंस ना?" या वाक्यांना अर्थ नसतो, पण मोल असते. एस.टी.च्या स्थानकावरही तसेच. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली की गाडी हलते, आणि हातरुमाल नाकाशी नेण्याला सर्दीचे निमित्त सापडते.

विमानाने हा सगळा सोहळा मोडीत काढला. मुंबईच्या विमानतळाच्या दाराशी पहारेकरी तिकीट पाहतो, आणि पोचवायला आलेल्यांची वाट तिथेच संपते. जाणाऱ्याचे विमान सुटायला अजून तीन तास असतात. आपला निरोप मात्र मोटारींच्या गर्दीत, सामानाची गाडी ढकलता ढकलता, दोन मिनिटांत उरकलेला असतो. बारा वर्षांपूर्वी माझी मुलगी जर्मनीला नोकरीसाठी गेली, तेव्हा तिच्या आईने त्या गर्दीतच पर्समधून दह्याची डबी काढून तिच्या हातावर दही घातले होते. मी ट्रॉलीचे चाक का अडते ते पाहत होतो. काचेपलीकडे तिची निळी ओढणी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे राहिलो आणि परत फिरलो.

त्यानंतर आमच्या घराचा व्यवहार दर रविवारच्या फोनवर चालला. फोन बहुधा मी उचलत असे. "कशी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे. थांब, आईला देतो." एवढेच माझे संभाषण. पुढचा पाऊण तास मायलेकी बोलत, आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकत असे. त्यातून मला लेकीचे सगळे कळे, लेकीला माझे सगळे कळे. आमच्यात अबोला नव्हता. आमचे बोलणे तिच्या आईच्या हातून चालत असे, इतकेच. आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हीच रीत होती.

गेल्या वर्षी माघात तिची आई गेली. उन्हाळ्यात मुलगी मला म्युनिकला घेऊन गेली. युरोपचा पाहुण्याचा व्हिसा नव्वद दिवसांचा असतो. ते नव्वद दिवस आम्ही बापलेक एका घरात राहिलो, बाजारहाट केली, बागा हिंडलो, एकमेकांना चहा करून दिला. जिचे नाव निघायला हवे होते तिचे नाव मात्र कुणी काढले नाही. मी म्हणे, "इथले बटाटे छान आहेत." ती म्हणे, "हो ना." असे करता करता परतीचा दिवस उजाडला.

म्युनिकचा विमानतळ शहराच्या ईशान्येला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पूर्वी तो रीम या उपनगरात होता. १९९२ च्या मे महिन्यात एका रात्रीत सगळे बिऱ्हाड ट्रकांवर लादून इकडे आणले गेले, आणि १७ मेच्या पहाटे इथून विमाने उडू लागली. आता तिथे दोन मोठ्या इमारती आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये उंच छताचा प्रशस्त चौक. त्या छताखाली वारा खेळतो, पाऊस मात्र येत नाही. हिवाळ्यात तिथे नाताळची जत्रा भरते. या भागात कुणीही यावे, तिकीट कुणी विचारीत नाही. झडती आणि पासपोर्ट या गोष्टी पुढे, आतल्या दारांशी.

आणि याच भागात, प्रवाशाला आणि पोचवणाऱ्याला दोघांनाही बसता येईल अशा जागी, एक बिअर करण्याचा कारखाना आहे. नाव 'एअरब्रॉय'. तो १९९९ साली सुरू झाला. विमानतळावर मद्य विकणारी दुकाने जगभर असतात. पण इथे ती बिअर तिथल्या तिथे, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत तयार होते. चिंचेने घासल्यासारखे लखलखणारे तांब्याचे मोठाले हंडे उपाहारगृहातच मांडलेले आहेत. आमच्या जुन्या वाड्यातल्या बंबाचे हे थोरले भाऊच, असे मला वाटले.

सामान देऊन झाले होते, आणि विमानाला अडीच तास होते. मुलगी म्हणाली, "बाबा, इथं बसून जेवू या." मग क्षणभर थांबून म्हणाली, "आणि एक एक बिअर घेऊ."

इथे वाचकांना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना, माझी एक विनंती आहे. एवढ्यावरून हा अंक मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवू नये. मराठी घरात पेला म्हटले की गडकऱ्यांचा सुधाकर उभा राहतो. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून पेल्याच्या तळाशी आपल्याला सिंधूचे अश्रू दिसतात. ते अश्रू खरे आहेत. ज्या घरांत ते आजही वाहतात, त्या घरांची मी थट्टा करणार नाही. शिवाय १९४९ चा दारूबंदीचा कायदाही आपल्याकडे आहेच. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. नोकरीत असताना मी कधीमधी मित्रांबरोबर एखादा पेला घेतला असेल. पण लेकीसमोर बसून, तिच्याच आग्रहावरून, भर दुपारी? मी इकडेतिकडे पाहिले. शेजारच्या मेजावर एक आजीबाई नातवंडांसह बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे माझ्या पुढ्यात येणार होता त्याहून मोठा पेला होता. मी निमूटपणे खुर्ची ओढली.

वाढणारी बाई आली ती "ग्रूस गॉट" म्हणत. बव्हेरियात 'नमस्कार' असा म्हणतात. त्यात देवाचे नाव आहे, आपल्या रामरामात आहे तसेच. यादीतली नावे मौजेची होती. एका बिअरचे नाव 'फ्लीगरक्वेल', म्हणजे वैमानिकाचा झरा. दुसरीचे 'कुमुलुस', म्हणजे पावसाळ्याआधी आकाशात पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात ते. तिसऱ्या, चांगल्याच कडक बिअरचे नाव चक्क 'आविआटोर', म्हणजे वैमानिक. आमच्या वैमानिकाचा तिच्याशी संबंध केवळ नावापुरताच असो, अशी मी मनात प्रार्थना केली. मुलीने स्वतःसाठी झरा मागवला आणि माझ्यासाठी ढग.

जेवणाचे तिने माझ्या शाकाहाराच्या बेताने सांगितले. आधी आले ते 'ब्रेत्सन'. हे म्हणजे आपले कडबोळेच. फक्त तळहातापेक्षा मोठे, तळलेले नव्हे तर भाजलेले, वरून तपकिरी आणि मिठाचे खडे लावलेले. बरोबर 'ओबात्सदा' नावाचे चीज, लोणी, कांदा आणि लाल मिरपूड कालवून केलेले तोंडीलावणे. मग 'केजेश्पेत्सले' आले. अंड्याचे सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडायचे, त्याच्या आखूड जाड शेवया होतात. त्यांत भरपूर चीज घालायचे आणि वर तळलेला कांदा. पिठात अंडे असते हे मुलीने मला खाऊन झाल्यावर सांगितले. तिची आई असती तर तिनेही तसेच केले असते.

पेले आले. मी उचलून तोंडाला लावणार, तोच मुलगी म्हणाली, "थांबा. इथली एक पद्धत आहे. पेल्याला पेला लावताना 'प्रोस्ट' म्हणायचं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. पेल्याकडे बघायचं नाही."

ही पद्धत ऐकायला सोपी आहे. पण वडीलधारे मराठी पुरुष लेकीच्या डोळ्यांत किती वेळा बघतात? निरोपाच्या वेळी तर आपण सगळीकडे बघतो. सामानाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, ट्रॉलीच्या चाकाकडे बघतो. मी पेला पुढे केला आणि वर पाहिले. तिचे डोळे हुबेहूब तिच्या आईचे आहेत. नव्वद दिवसांत मला हे दिसले नव्हते असे नाही. पण इतका वेळ दिसले नव्हते.

"प्रोस्ट," मी म्हणालो.

माझ्या पेल्यातली बिअर गढूळ सोनेरी होती, वर बोटभर फेस. पहिल्या घोटाला पिकल्या केळ्याचा वास आला, मागून लवंगेचा. मी विचारले, "यात केळं घालतात की काय?"

"नाही बाबा. केळंही नाही आणि लवंगही नाही. हा सगळा यीस्टचा प्रताप." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती माझ्याशी सलग दहा मिनिटे बोलली.

तिने जे सांगितले ते असे. धान्य भिजवून त्याला मोड आणायचे, मग ते सुकवून भाजायचे. आपण नाचणीला मोड आणून सत्व करतो, पहिली पायरी तीच. हे मोडाचे धान्य भरडून ऊन पाण्यात ठेवले की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी हॉप्सची फुले घालून उकळायचे. या फुलांनी कडवटपणा येतो आणि बिअर टिकते. विमानतळाच्या उत्तरेला हालरटाऊ नावाचा मुलूख आहे, तिथे उंच ताणलेल्या तारांवर या हॉप्सचे वेल मैलोगणती चढवलेले असतात. मग हे पाणी निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. माझी बिअर गव्हाची. तिचे यीस्ट उबेत काम करते आणि केळ्यालवंगेचा वास मागे ठेवते. मुलीपुढची बिअर जवाची. तिचे यीस्ट गारव्यात सावकाश काम करते, आणि नंतर ती जवळजवळ बर्फाइतक्या थंडीत कित्येक आठवडे नुसती पडून राहते.

"कित्येक आठवडे?" मी विचारले. समोर फलकावर विमानांच्या वेळा मिनिटामिनिटाला पालटत होत्या. माणसे धावत होती. आणि त्या धावपळीच्या मधोमध, या हंड्यांपलीकडे कुठे तरी, बिअर कुणाचीही घाई मनावर न घेता मुरत पडली होती. लोणच्याची बरणी फळीवर असते तशी.

या मुलखाला हा धंदा नवा नाही. विमानतळाच्या एका अंगाला फ्रायसिंग गाव, दुसऱ्या अंगाला एर्डिंग. दोन्ही गावे बिअरची. फ्रायसिंगच्या टेकडीवर वाइहेनश्टेफान नावाचा जुना मठ होता. त्या मठाला १०४० साली बिअर करण्याचा हक्क मिळाला असे तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि आपली ब्रुअरी जगात सर्वांत जुनी म्हणून मिरवतात. आज ती सरकारची आहे, आणि त्याच टेकडीवर या विद्येचे विद्यापीठही चालते.

"आणि गंमत ऐका," मुलगी म्हणाली. "१५१६ साली इथल्या ड्यूकनं कायदा केला. बिअरमध्ये फक्त तीन गोष्टी हव्यात. जव, हॉप्स आणि पाणी. चौथं काही घालाल तर याद राखा. पाचशे वर्षं झाली तरी लोक त्या कायद्याचं नाव सांगतात. पण त्या यादीत यीस्टच नाही!"

"का बरे?"

"कुणाला ते माहीतच नव्हतं. काम तर तेच करत होतं. पण दिसत नव्हतं, म्हणून त्याचं नाव कुणी लिहिलं नाही."

पुढचे मला वाचून ठाऊक होते. ते मी तिला सांगितले. फ्रान्सच्या पाश्चरने १८५७ साली दूध आंबते कसे यावर निबंध लिहिला आणि आंबवणारे काही तरी जिवंत असते हे दाखवले. पुढे १८७६ साली त्याने बिअरवर एक ग्रंथच लिहिला. म्हणजे दही आणि बिअर ही तशी एकाच गोत्रातली. आधीच्या घाण्यातले यीस्ट राखून पुढच्या घाण्याला लावण्याची चाल ब्रुअऱ्यांत आहे. आपल्याकडे काल रात्रीचे विरजण आजच्या दुधाला लागते. ते संपले तर वाटी घेऊन शेजारी जायचे. विरजण कुणी विकत घेत नाही, आणि त्याचा हिशेबही कुणी ठेवीत नाही.

एवढे बोलून मी थांबलो. तीही काही बोलली नाही. जव, हॉप्स आणि पाणी. बाप, लेक आणि रविवारचा फोन. यादी तर पुरी दिसत होती. दोघांच्याही मनात एकच नाव आले असावे, कारण ती एकदम म्हणाली,

"बाबा, आता रविवारी फोन उचलल्यावर तुम्ही कुणाला देणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आगगाडी असती तर एव्हाना शिट्टी झाली असती. एस.टी. असती तर घंटी झाली असती. विमानतळाच्या दारात असतो तर पहारेकऱ्याने पुढे व्हायला सांगितले असते. इथे तसे काहीच होईना. पेला अजून अर्धा होता. अर्ध्या लिटरचा तो पेला, आणि तो घाईने पिण्याचा पदार्थ नव्हे. तो संपेपर्यंत बसणे भाग होते.

मग मी बोललो. तिच्या आईच्या शेवटच्या आठ दिवसांबद्दल बोललो. मुलगी पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. ते दिवस तिला कुणी सांगितलेच नव्हते. रात्री दोनला तिने लिमलेटची गोळी मागितली होती, आणि मी अख्खे इस्पितळ पालथे घालून एका वॉर्डबॉयच्या खिशातून ती मिळवली होती. गोळी तोंडात धरून ती म्हणाली होती, "हिला सांगू नका हं, ओरडेल." हे सांगताना मला हसू आले. मुलगीही हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. शेजारच्या आजीबाईंनी तिच्यापुढे कागदी रुमालांची चवड सरकवली आणि आम्हांला एका अक्षरानेही न विचारता नातवंडांकडे तोंड फिरवले. मी कितीतरी वेळ बोलत होतो. माझ्या आवाजाची मलाच सवय नव्हती.

"इथेच राहा" असे ती म्हणाली नाही, आणि "तू परत ये" असे मी म्हणालो नाही. दोन्ही गोष्टी सोप्या नाहीत हे दोघांना माहीत होते. पुढच्या वर्षी पुन्हा नव्वद दिवस, एवढे ठरले.

बिल आले तेव्हा तिने पर्स उघडली आणि पैशांआधी एक छोटी डबी काढली. डबीत दही होते, तिने घरी लावलेले. "हात पुढे करा," ती म्हणाली. झडतीच्या दाराच्या अलीकडे असल्यामुळे डबी कुणी काढून घेणार नव्हते. मी हात पुढे केला. बिअरवर दही चालते की नाही याला शास्त्राधार कुठे सापडेल मला ठाऊक नाही, पण मी ते चाटून खाल्ले. किंचित आंबट होते. वाढणाऱ्या बाईने ते पाहिले, आणि औषध असावे अशा समजुतीने आदराने मान हलवली.

जाताना ती बाई "आउफ वीडरझेहेन" म्हणाली. त्याचा अर्थ 'पुन्हा दृष्टीस पडेपर्यंत'. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दोन्ही भाषांना जाणे मान्य नाही. मी लेकीला "येतो" म्हणालो, आणि या खेपेस सामानाकडे पाहिले नाही.

माणसाला मन मोकळे करायला मद्य लागते असे मला मुळीच म्हणायचे नाही. चहाचा कप असता तरी चालले असते. पण चहा निवतो, आणि निवेल म्हणून माणूस तो लवकर संपवतो. निरोपाला तीन गोष्टी हव्यात, असे आता मला वाटते. दोघांनाही बसता येईल अशी जागा हवी, हातात धरायला काही तरी हवे, आणि ते सावकाश संपणारे हवे. शहर वसवणाऱ्यांनी आणि विमानतळ बांधणाऱ्यांनी याचा विचार करावा. म्युनिकच्या लोकांनी केला, मग तो बिअर खपवण्यासाठी का असेना.

आता रविवारी फोन वाजतो, तो मीच उचलतो आणि मीच बोलतो. पहिल्या रविवारी पाच मिनिटांत विषय संपले. मग तिने विरजण किती घालायचे ते सांगितले; आईचा हिशेब तिच्यापाशी होता, माझ्यापाशी नव्हता. थंडीत दुधाचे भांडे पिठाच्या डब्यात ठेवावे, हेही तिनेच सांगितले. दोन वेळा ते पातळ झाले, एकदा तार आली. आज वसुबारस. समोरच्या बिऱ्हाडातली सून सकाळी वाटी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "काका, विरजण आहे का थोडं?" मी दिले. काल रात्रीचे अगदी घट्ट लागले आहे, हे येत्या रविवारी लेकीला सांगायचे आहे.